अँजिओप्लास्टीनंतर घरात कोणतं तेल वापरावं? तेलाचा हात सैल असलेल्या एका सुनेचं उत्तर

तुम्ही विचारलंय की वडील ५८ वर्षांचे आहेत, मागच्या महिन्यात एक स्टेंट (हृदयाची नळी उघडी ठेवणारी जाळी) बसला, आता शेंगदाणा, करडई, सूर्यफूल यांतलं कोणतं तेल आणायचं, रिफाइंड की लाकडी घाण्याचं, आणि तूप कायमचं बंद करायचं का. प्रश्नाच्या शेवटी जाता जाता तुम्ही एक वाक्य टाकलंय, ‘आमच्याकडे बायकोच्या हातचं जेवण जरा तेलकट असतं.’ ते वाक्य नसतं तर मी उत्तर लिहायला बसले नसते.

आम्ही लातूरचे. माझे सासरे ३१ वर्षं अडत दुकानात मुनीम होते. घर त्यांना अण्णा म्हणतं, बाजारही अण्णाच म्हणतो. २०१९ ची दिवाळी, भाऊबीज होऊन तीन दिवस झालेले. पहाटे पाचला अण्णा उठून बसले, छातीत जळजळतंय म्हणाले. पित्त झालं असेल म्हणून लिंबूपाण्यात खायचा सोडा घालून प्यायले. बनियन घामानं ओलं झालं तरी आम्ही सगळे पित्तच म्हणत होतो. त्यात दोन तास गेले. ते दोन तास अजून मला रात्रीचे आठवतात, पण तुमचा प्रश्न तो नाही. एवढंच सांगते, जळजळीबरोबर घाम आला किंवा जबडा, खांदा, हात दुखायला लागला तर सोडा शोधत बसू नका, गाडी काढा.

अँजिओप्लास्टी झाली, अण्णा आयसीयूत होते. रात्री पुण्याहून मोठ्या नणंदबाई, आमच्या ताई, आल्या. आल्या आल्या, दवाखान्याच्या त्या लोखंडी खुर्च्यांवर बसलेल्या दहा माणसांसमोर म्हणाल्या, “मी तर किती वर्षं सांगतेय, हिचा तेलाचा हात सैल आहे. भाजीत चमचा घातला की आधी तेल येतं, मग भाजी सापडते.” कुणी काही बोललं नाही. सासूबाई जमिनीकडे बघत होत्या. माझे यजमान मोबाइल बघायला लागले, आणि त्या मोबाइलमध्ये तेव्हा रेंजसुद्धा नव्हती.

घरी सोडताना आहाराचा एक छापील कागद मिळाला. दवाखान्याचं नाव घेत नाही. कागदावर ओट्स, ब्रोकोली, ऑलिव्ह ऑईल आणि सॅमन. अण्णांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि विचारलं, “सॅमन ही भाजी आहे का?” ज्वारी, तूरडाळ, मेथी, शेपू, जवसाची चटणी यांतलं एक नाव त्यावर नव्हतं. तुरीच्या बाजारात ज्यानं जन्म काढला त्याला आठवड्यातून दोनदा सॅमन खायला सांगणाऱ्याला मी काय म्हणू? तुम्हालाही असा कागद मिळाला असेल तर घडी करून फायलीत ठेवा, गोळ्यांची चिठ्ठी तेवढी वर ठेवा.

आता मला एक सवय आहे. तेलाचा डबा फोडला की मी त्यावर मार्करनं तारीख घालते. माहेरचं वळण, आईसुद्धा खडूनं घालायची. ताईंचं तोंड बंद करायला माझ्याकडे पुरावा होता, म्हणून दवाखान्यातून आल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, सगळे झोपलेले असताना, मी भागाकार केला. १५ किलोचा डबा, घरात पाच माणसं, आधीचा डबा ७१ दिवस गेलेला. माणशी रोज ४२ ग्रॅम.

मग किती असावं ते शोधलं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ साली जी मार्गदर्शक सूत्रं काढली, त्यात दोन हजार कॅलरी खाणाऱ्या माणसाच्या दिवसभराच्या ताटात तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरलंय. तेव्हा, २०१९ मध्ये, मला जो आकडा सापडला तोही याच्याच आसपास होता. म्हणजे ताईंचं म्हणणं पंधरा ग्रॅमनं बरोबर होतं. हे मी ताईंना आजतागायत सांगितलेलं नाही.

पण अण्णांची नळी काही माझ्या पंधरा ग्रॅमनं भरली नव्हती. ते कळलं त्यांच्याच चोपडीतून.

महिनाभर विश्रांती सांगितली होती. तीन दशकं गोणीवर बसून हिशोब केलेला माणूस घरात बसला की कुणाचे तरी हिशोब काढतोच. ते माझे काढायला लागले. डाळीला किती फोडणी, पोळीला किती तेल, मिरच्या तळल्या कशाला. तिसऱ्या दिवशी मी लाल चोपडी आणून हातात दिली. म्हटलं, “अण्णा, तुम्हीच लिहा. काय खाल्लं, काय आणलं, सगळं.” त्यांनी पहिल्या पानावर श्री काढला, आणि पुढचे काही दिवस घरात शांतता.

दर सोमवारी यजमान त्यांना पाचशे रुपये द्यायचे. फिरायला जायचं, येताना भाजी-फळं आणायची. रविवारी रात्री अण्णा खातं बंद करायचे. पहिल्या आठवड्यात मेथी, पेरू, केळी, रिक्षा आणि शेवटी ‘किरकोळ १८५’. दुसऱ्या आठवड्यात ‘किरकोळ २१०’. ज्या माणसानं दुकानातल्या पोरांना आयुष्यभर दटावलं की किरकोळ खातं फुगलं की समजावं कुणीतरी खातंय, त्याच्या स्वतःच्या चोपडीत हे. मी एकदाच विचारलं, “अण्णा, किरकोळ म्हणजे?” ते म्हणाले, “असंच.” मी पुन्हा विचारलं नाही.

तिसऱ्या रविवारी चोपडी स्वयंपाकघराच्या ओट्यावर उघडी ठेवलेली. ‘किरकोळाचा खुलासा’ असा मथळा, खाली त्यांच्या सुंदर मोडीवळणाच्या अक्षरात यादी: मिरची भजी, गोलाईत (लातूरची बाजारपेठ), दोन वेळा. खारी पाव किलो. तिखट शेव. टोस्ट. तंबाखूची पुडी, चार. शेजारी कंसात ‘चुना फुकट’. मी बघितलं तर दारात उभे. म्हणाले, “खातं जुळत नव्हतं. झोप लागंना.”

स्टेंट बसून एक महिना झाला नव्हता बरं का.

तर आता तुमच्या प्रश्नाकडे येते. भजी, शेव, फरसाण दुकानात बहुतेक पामतेलात तळतात, कारण ते स्वस्त पडतं. पामतेलात जवळजवळ निम्मी चरबी संपृक्त (सॅच्युरेटेड) असते, शेंगदाणा तेलात ती साधारण पाचवा हिस्सा, करडई-सूर्यफुलात त्याहून कमी. रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवते ती मुख्यतः हीच संपृक्त चरबी. खारीचे ते पदर सुटतात कशानं? वनस्पती तुपानं किंवा मार्जरिननं. वनस्पतीतली ट्रान्स चरबी तर संपृक्तपेक्षाही वाईट, ती वाईट कोलेस्टेरॉल वाढवते आणि चांगलं कमी करते. जानेवारी २०२२ पासून तेला-तुपात ट्रान्स चरबी २ टक्क्यांच्या वर चालत नाही असा नियम आहे, त्यामुळे आता पूर्वीइतकी भीती नाही; पण अण्णांनी खारी खाल्ली ती त्याआधीची चाळीस वर्षं. आणि भजीवाल्याच्या कढईत सकाळचं तेल संध्याकाळी किती काळं होतं ते तुम्ही बघितलं असेलच. त्यालाही २०१८ पासून मर्यादा घातलेली आहे, पण गोलाईत कढईपाशी ते मोजायचं यंत्र घेऊन उभा असलेला इन्स्पेक्टर मी तरी पाहिलेला नाही.

यातलं काहीही माझ्या डब्यावरच्या तारखेत येत नव्हतं. दोष मात्र माझ्या भाजीला.

आणि तंबाखू. इंटरहार्ट नावाचा मोठा अभ्यास झाला होता, ५२ देशांतला. त्यात दिसलं की आपल्याकडच्या, म्हणजे दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका साधारण ५३ व्या वर्षी येतो, बाकी जगात ५९ च्या आसपास. त्याच अभ्यासात नुसती चघळायची तंबाखूही झटक्याचा धोका वाढवते असं निघालं. आमच्याकडे समज असा की बिडी वाईट, तंबाखू चालते, धूर कुठे आत जातो? तुमचे वडील मळत असतील तर तेलाची चर्चा पुढच्या वर्षी करा. आधी ती डबी बंद.

मीठ. याच्यावर कुणी भांडत नाही म्हणून मी भांडते. जागतिक आरोग्य संघटना म्हणते दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, सगळं धरून. आमच्याकडे दोन महिन्यांत तीन किलो मीठ संपायचं. भागा पाचानं, भागा साठानं, दहा ग्रॅम झाले. लोणच्यासाठी मे महिन्यात आणलेलं खडा मीठ वेगळंच. वर पापड, त्यात मीठ तर असतंच, शिवाय पापडखार, तोही सोडियमच. फरसाणातला सोडा, पावातलं मीठ, तेही त्यातच धरा. अण्णांना ताटात डावीकडे मीठ वाढलेलं लागायचं, नाही वाढलं तर ताट अपुरं. बीपी १५० च्या खाली यायला तयार नव्हतं, आणि सगळे माझ्या तर्रीकडे बघत होते.

बघा ना, आपली ज्वारीची भाकरी. गरम पाण्यात पीठ मळतो, आमच्याकडे मीठ घालत नाहीत, तेल घालत नाहीत. पाव, टोस्ट, खारी यांत दोन्ही. सकाळच्या चहाबरोबर शिळी भाकरी जाऊन खारी आली, तेव्हा घरात आपण सुधारलो असं सगळ्यांना वाटलं होतं.

मी काय केलं ते सांगते. तेलाची किटली उचलून कपाटात ठेवली आणि फोडणीला मोजून चमचा धरला. रश्श्याला घट्टपणा आणायला तेल आणि कूट कमी करून येसर घातला (मराठवाड्याबाहेरच्यांसाठी: धान्य-डाळी भाजून केलेलं मसाल्याचं पीठ, तवंग नसला तरी रस्सा पांचट लागत नाही). चटणीवर कच्चं करडईचं तेल घेऊन भाकरी खायची आमच्याकडे रीत, त्यात अण्णांचा हात माझ्यापेक्षा सैल. आता अर्धा चमचा. मीठ ताटात नाही. पहिला पंधरवडा त्यांनी तोंड वाकडं केलं, मग जीभ सरावली. आता दुसऱ्याकडे जेवून आले की खारट होतं म्हणतात. एकादशीला साबुदाण्याची खिचडी, बटाटा आणि वर दाण्याची आमटी चालायची. आता भगर आणि ताक. चहा सहा कपांवरून तीनवर, साखर दोन चमच्यांवरून अर्ध्यावर. सहा कपांची बारा चमचे साखर ५० ग्रॅमच्या वर जाते, आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) वाढलेल्या माणसाला ती तेलापेक्षा कमी छळत नाही. पालेभाजी रोज, एक फळ रोज. डाळ आपली आहेच.

आता डबा १०४ दिवस जातो. माणशी २९ ग्रॅम. मिठाचा किलोचा पुडा ३३ दिवस, माणशी सहा. अजून एक ग्रॅम जास्तच आहे, लोणचं वेगळं, पण माझं लोणचं मी बंद करणार नाही.

तुम्हीही हेच करा. कोणतं तेल हे विचारण्याआधी डबा किती दिवस जातो ते बघा. डब्यावर १५ किलो लिहिलंय की १५ लिटर तेही बघा, दोन्ही मिळतात आणि लिटरच्या डब्यात सव्वा किलोहून जास्त तेल कमी भरतं. पाच माणसांना महिन्याला साधारण साडेचार लिटरच्या आत बसलं पाहिजे. आमचं अजून काठावरच आहे. तुमचं त्यात बसलं तर शेंगदाणा आणा, करडई आणा, आलटून पालटून आणा, फार फरक पडत नाही. तळायला शेंगदाण्याचं बरं, ते तापवण्यात जास्त टिकतं. रोज खोबरेल किंवा पामतेल मात्र नको.

घाण्याचं म्हणाल तर चवीला, वासाला चांगलं, परवडत असेल तर घ्या. पण ते औषध नाही. एका ग्रॅमला नऊ कॅलरी रिफाइंडमध्येही असतात आणि बैल फिरवून काढलेल्या तेलातही. हे मी एवढ्या चिडून लिहितेय कारण आमच्या धाकट्या दिरांनी २०२० च्या उन्हाळ्यात अण्णांना सांगितलं की घाण्याच्या तेलानं नळ्या आपोआप साफ होतात, ती कोलेस्टेरॉलची गोळी लिव्हर खराब करते, सोडून द्या. अण्णांनी तीन महिने गोळी सोडली. आम्हाला पत्ता नाही, कारण चोपडीत औषध घेतल्याची रोज नोंद! मुनीमानं खोटी नोंद केली, ती एकदाच. डॉक्टरांनी वाईट कोलेस्टेरॉल ७० च्या खाली ठेवायला सांगितलं होतं, ते १३१ निघालं. त्या तीन महिन्यांत तेल घाण्याचंच होतं, साडेतीनशे रुपये लिटरचं. नशीब, रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या तेवढ्या चालू होत्या. नव्या स्टेंटमध्ये त्या मनानं बंद केल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. कुठलंही तेल, कुठलाही काढा, लसूण, मेथ्या, अर्जुनसाल, गोळीच्या जागी नाही. खायचंच असेल तर डॉक्टरांना सांगून, गोळीच्या सोबत.

तूप: वरणभातावर चहाचा एक चमचा. त्यात तीनेक ग्रॅम संपृक्त चरबी येते. दोन हजार कॅलरीच्या निरोगी माणसाला दिवसाची मर्यादा २२ ग्रॅमच्या आसपास आहे, हृदयाच्या रुग्णाला त्याहून कमी सांगतात. खारी-शेव बंद असेल तर तो चमचा बसतो, चालू असेल तर बसत नाही. त्या काळात आमच्या आळीत दीक्षित आणि दिवेकर असे दोन पक्ष होते, एक दोनदाच जेवा म्हणणारा, दुसरा न घाबरता तूप खा म्हणणारा. अण्णा सोयीनं दोन्हीकडे होते. तूप दिवेकरांचं, आणि दोन जेवणं दीक्षितांची. मधली भजी कुणाचीच नाही.

काही गोष्टी आधी लिहायला हव्या होत्या. वडिलांना मधुमेह, किडनीचा त्रास किंवा हृदयाचं पंपिंग कमी असेल तर माझे आकडे वापरू नका, त्यांचा हिशोब वेगळा असतो. बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं, त्यात पोटॅशियम असतं. किडनी बरी नसेल किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असतील तर ते धोक्याचं, विचारल्याशिवाय आणू नका. हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन होऊन वॉरफरिन (रक्त पातळ ठेवायची गोळी) चालू असेल तर पालेभाजी एकदम वाढवू नका किंवा एकदम तोडू नका, दर आठवड्याला तेवढीच ठेवा. आणि मी डॉक्टर नाही. बीकॉम आहे.

आणि हो, तुमच्या बायकोचं जेवण. आज रात्री त्यांना काही बोलू नका. वडिलांच्या सदऱ्याचे खिसे बघा, फिरायला कुठल्या रस्त्यानं जातात ते बघा. तुमचेही खिसे बघा, कारण ५८ व्या वर्षी वडिलांना स्टेंट बसला म्हणजे पुढचा नंबर तुमचा असू शकतो. चाळिशी आली असेल तर रक्त तपासून घ्या. त्यानंतरही तेल जास्त वाटलं तर स्वतः दोन आठवडे फोडण्या घाला, चमच्यानं मोजून, आणि मग बोला.

गेल्या वर्षी मे महिन्यात आम्ही पुण्याला ताईंकडे चार दिवस होतो. ताईंनी पाहुणचार उत्तम केला, मला स्वयंपाकघरात हात लावू दिला नाही. सोमवारी सकाळी माझ्यासमोर पाच लिटरचा नवा कॅन फोडला. गुरुवारी निघताना मी पाणी प्यायला आत गेले तेव्हा सहज बघितलं. निम्म्याच्या खाली होता. मी काही बोलले नाही. गाडीत बसल्यावर अण्णांनी खिशातून चोपडी काढली आणि विचारलं, “किती गेलं गं?”